पाटी नव्हे, पात्रता पाहा

चादर घेताना आपण सोलापूरकर पोत चाचपतो, रंग जाईल का विचारतो. मग बारावीत नापास झालेल्या मुलासाठी मार्गदर्शक निवडताना नुसती पाटी पाहून पैसे का मोजावेत? ‘लाइफ कोच’ अशी पाटी लावायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही. तेव्हा विचारा: शिक्षण काय, फी किती, भेटी किती? यशाची हमी देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा. अभ्यासाची आखणी करायला चांगला मार्गदर्शक उपयोगी पडेलही. पण मुलाची झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर मानसोपचार डॉक्टर किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञच गाठा. अशा मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिचा क्रमांक मागायला संकोचू नका. अडल्या वेळी सरकारचा ‘टेलि-मानस’, क्रमांक १४४१६, २०२२ पासून रात्रंदिवस मोफत आहे. गुरुजी, हा क्रमांक वर्गातल्या फळ्यावर लिहून ठेवाल ना?