शंकुपुष्पाचे बी: शीतकाळ, सोटमूळ आणि मधमाशी

उत्तर अमेरिकेतील उंच गवताची प्रेअरी मका व सोयाबीनखाली जवळजवळ संपली. आयोवा राज्यात तिचा एक टक्काही उरलेला नाही. आता तेथील काही शेतकरी शेतातच प्रेअरीचे पट्टे पुन्हा पेरत आहेत. त्या मिश्र बियाण्यात शंकुपुष्प, म्हणजे एकिनेशिया, हमखास असते.

फिकट शंकुपुष्पाचे (एकिनेशिया पॅलिडा) बी सुप्तावस्थेत असते. ओलसर वाळूत मिसळून ते १ ते ५ अंश सेल्सिअस तापमानात ६० ते ९० दिवस ठेवावे लागते. घरचा फ्रीज त्यास पुरतो. मात्र वाळू मुठीत दाबली असता पाणी ठिबकू नये, अन्यथा बुरशी येते. ही खटपट नको असलेले शेतकरी हिवाळ्याच्या तोंडी बी थेट शेतात फेकतात. जांभळी जात या प्रक्रियेवाचूनही बऱ्यापैकी उगवते, म्हणून रोपवाटिकांना तीच प्रिय. पेरणी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल नसावी.

पहिल्या वर्षी जमिनीवर दोन-चार पानेच दिसतात, कारण फिकट जातीची सारी शक्ती सोटमुळात जाते. याच काळात ‘पेरणी फसली’ म्हणून पट्टा नांगरून टाकण्याची घाई नडते. उंच तण वीतभर उंचीवर कापत राहणे एवढेच करावयाचे असते. फुलांसाठी तिसरे वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक, थांबावे लागते.

फुले आली तरी बी भरेलच असे नाही. शंकुपुष्पास स्वतःचा पराग चालत नाही. एकाकी झाडाचे दाणे वरून भरलेले दिसतात, पण आत पोचट निघतात. सूर्यफूल उत्पादकांना हे दुखणे परिचित आहे, आणि ही दोन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. म्हणून झाडे गटाने लावावीत. अँड्रेना हेलियान्थिफॉर्मिस ही जमिनीत बिळे करणारी मधमाशी पिलांसाठी मुख्यतः शंकुपुष्पाचाच पराग गोळा करते. तिची बिळे वाचवावयाची तर जवळची थोडी जमीन अनांगरित हवी.

अशा पट्ट्यांचा लाभ मोजलेला आहे. आयोवातील प्रयोगांत पीकक्षेत्राच्या १० टक्के भागात प्रेअरी पेरली असता परागवाहकांची संख्या ३.५ पट झाली व वाहून जाणारे पाणी ३७ टक्क्यांनी घटले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

कीड मात्र तेथेही आहेच. एक सोंड्या भुंगेरा फुलाखालचा देठ कुरतडतो आणि लोंबत्या बोंडात अंडी घालतो. फवारणीने मधमाश्याही मरतात. त्यापेक्षा लोंबती व गळलेली बोंडे गोळा करून नष्ट करणे बरे, कारण अळ्या पुढे जमिनीतच शिरतात.