घरच्या घरी गाडीचे पॉलिश
बरेच व्यापारी बांधव सुट्टीत स्वतःच गाडी घासायला बसतात. पण रबिंग कंपाउंड चकाकी आणते ते रंगावरचा पारदर्शक लॅकर घासून. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ; तो उडाला की रंगकामाचा खर्च आलाच. म्हणून आमचा भर धुण्यावर आहे. गाडी सावलीत उभी करावी, पत्रा गार होऊ द्यावा. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. फडके दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवावे. कोरडी धूळ पुसल्यानेच बारीक ओरखडे पडतात. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा वापरू नये. आम्ही एकदा वापरले, त्याची खूण बॉनेटवर अजून आहे. नख अडकेल असा ओरखडा कंपाउंडने जात नाही. कडांवर तर घासूच नये. वॅक्स शेवटी, अगदी पातळ लावावे.