कावळा, कावया, कावला

मी भाषावैज्ञानिक नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. तरी आज मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागाच्या कामाबद्दल बोलणार आहे. त्याचं कारण माझी एक जुनी चूक आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. तर्कशास्त्राचा तास होता. विगमनाचं नेहमीचं उदाहरण मी फळ्यावर लिहिलं : सर्व कावळे काळे असतात. मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "सर, एखादा पांढरा कावया सापडला तर?" तो वऱ्हाडातून आला होता. प्रश्न उत्तम होता. विगमनाची सगळी अडचण त्या एका वाक्यात आली होती. पण मी काय केलं? "कावया नाही रे, कावळा," असं म्हणून हसलो. वर्ग हसला. त्या मुलानं वर्षभर पुन्हा प्रश्न विचारला नाही. मी तर्कशास्त्राचा शिक्षक, आणि मी युक्तिवाद सोडून उच्चार ऐकला.

आता त्या मुलाचा उच्चार 'चुकला' होता का, ते तपासून पाहू. चूक म्हटली की ती अनियमित असते, म्हणजे आज होईल, उद्या होणार नाही. वऱ्हाडीत काय दिसतं? कावळा–कावया, काळा–काया, डोळा–डोया, केळं–केयं. जिथे ळ, तिथे य. शहरात राहून, शाळेत शिकून दोन्ही रूपं मिसळतात, ते सोडा. पण घरच्या बोलीत हा नियम पक्का आहे. आणखी एक बघा. हा माणूस 'बोलला'चं 'बोयला' करत नाही, 'फुला'चं 'फुया' करत नाही. म्हणजे ल आणि ळ यांतला फरक त्याच्या कानाला नेमका कळतो. रायगड-ठाण्याकडच्या आगरी बोलीत जा, तिथे हाच ळ ल होतो : कावला, काला, डोला. तिथला नियम वेगळा, पण तोही नियमच.

आणि ज्याला आपण शुद्ध म्हणतो तो 'काळा' तरी कुठून आला? संस्कृतात 'काल' आहे. फल, नील, काल यांतल्या ल चा मराठीनं ळ केला : फळ, निळा, काळा. जिथे प्राकृतात जोड ल्ल होता, तिथे ल राहिला : तेल, फूल. म्हणजे एक बदल आपल्या पूर्वजांनी केला, त्याच्या पुढचा बदल वऱ्हाडातल्या लोकांनी केला. पहिला शुद्ध आणि दुसरा अशुद्ध, हे ठरवणारं काही त्या ध्वनीत नाही. आगरी 'काला' संस्कृतच्या जवळ दिसतो म्हणून त्याला शाबासकी द्यायचंही कारण नाही. तोही फक्त आपला नियम पाळतो आहे.

इथे 'नियम' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. 'सिग्नलला थांबा' हा एक नियम. तो कुणीतरी केलेला असतो आणि मोडता येतो. 'वस्तू खाली पडते' हा दुसरा. तो कुणी केला नाही, तो शोधावा लागतो. शाळेतलं व्याकरण आपल्याला पहिल्या अर्थानं माहीत असतं. भाषाविज्ञान दुसऱ्या अर्थाचे नियम शोधतं. माझी चूक ही की, एका प्रकारचा नियम हातात धरून मी दुसऱ्या प्रकारच्या नियमाला हसलो.

ही समज काही पाश्चात्त्यांकडून उसनी घ्यायला नको. पतंजलीनं महाभाष्याच्या सुरुवातीलाच कुंभाराचा दाखला दिला आहे. मडकं हवं असेल तर माणूस कुंभाराकडे जातो, पण बोलायचं असेल तर शब्द घडवून घ्यायला कुणी वैयाकरणाकडे जात नाही. शब्द लोकांत आधीच असतात. आता प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की, साधू शब्द कोणता आणि असाधू कोणता, याची चिंता पतंजलीलाही होती. 'गो' या शब्दाचे अपभ्रंश म्हणून त्यानं गावी, गोणी, गोता अशी रूपं दिली आहेत. पण गंमत अशी की, नापसंतीनं का होईना, त्यानं ती नोंदवून ठेवली. त्या काळचे लोक काय बोलत होते, याचा तो आज आपल्याकडचा मोलाचा पुरावा आहे.

नोंदवून ठेवणं, हेच डेक्कन कॉलेजचं काम. १९३९ साली संशोधन संस्था म्हणून ही जागा नव्यानं सुरू झाली, तेव्हापासून तिथे भाषाविज्ञान आहे. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत शब्दकोशाचं काम हाती घेतलं. ऐतिहासिक तत्त्व म्हणजे काय? शब्दाचा अर्थ काय असावा हे सांगायचं नाही. ऋग्वेदापासून पुढे कोणत्या ग्रंथात तो कसा वापरला गेला, ते क्रमानं दाखवायचं. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या. पहिला खंड १९७६ मध्ये आला. त्यानंतर तीसहून अधिक भाग निघाले, आणि काम अजून 'अ' या अक्षरात आहे! लोक हसतात. मला मात्र ती चिकाटी थोर वाटते.

बोलींचंही तसंच. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ मध्ये निघाला. त्यात बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या कथेचं रूपांतर हा नमुना असे. भाषांतर सांगणारा माणूस जरा सावरूनच सांगणार, नाही का? साठच्या दशकात अमृत माधव घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली अशा एकेका बोलीवर पुस्तकं लिहिली. आणि अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्यानं डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, कोणता शब्द कुठे चालतो याचे नकाशे केले आणि ते संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले ठेवले.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी एक पेच दाखवला आहे. कुणी ऐकत नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला हवं असतं, पण ते ऐकल्याशिवाय कळणार कसं? त्यात आपल्याकडे आणखी भर. पाहुणा वही काढून बसला की माणूस म्हणतो, "आमचं काय, अशुद्ध बोलणं." मुलीला मालवणीत चेडू म्हणतात, विदर्भात पोट्टी, अहिराणीत आंडेर. पण थेट विचारलंत तर तिन्हीकडे उत्तर येईल, 'मुलगी'. आपला शब्द त्यानं गिळलेला असतो. कुणीतरी, कधीतरी त्याला हसलेलं असतं.

कोल्हापूरकडची मुलगी "मी जातो" म्हणते, त्याचीही चेष्टा होते. पण "मी जाईन" हे आपण स्त्री-पुरुष सगळे सारखंच म्हणतो, तिथे लिंगभेद नाही म्हणून कुणाचं अडलं का? तिच्या बोलीत जे जाईनला, तेच जातोला.

मग प्रमाणभाषा सोडून द्यायची का? मुळीच नाही. कायदा, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र यांना सगळ्यांना कळेल असं एक समाईक रूप लागतंच, आणि ते मुलांना नीट शिकवलं पाहिजे. ते सोयीसाठी केलेले, पहिल्या प्रकारचे नियम आहेत. अडचण तेव्हा येते, जेव्हा त्या सोयीची आपण अक्कल मोजायची पट्टी करतो.

इथे शिक्षक बरेच दिसताहेत, म्हणून एवढंच सांगतो. वर्गात मूल 'कावया' म्हणालं, तर फळ्यावर कावळा आणि कावया शेजारी शेजारी लिहा. "आणखी कुठे असं होतं?" असं त्यालाच विचारा. डोया, काया, केयं, तोच पटापट सांगेल. नियम तो स्वतः शोधेल, आणि प्रमाण रूपही विसरणार नाही. पण त्याआधी त्यानं प्रश्न काय विचारला होता, तो ऐका. मी ऐकला नव्हता. पांढरा कावळा सापडला तर काय, याचं उत्तर मी त्या मुलाला आजवर दिलेलं नाही.