एका वाचकाचे नियतकालिक

ग्रंथांविषयी स्वतःच्या जबाबदारीवर लिहू लागणे ही वरकरणी खाजगी गोष्ट वाटते. वाचलेल्या पुस्तकाबद्दलचे मत वहीत टिपून ठेवणारे वाचक कोठेही आढळतात. परंतु तेच मत ठरावीक काळाने अपरिचित वाचकांपुढे मांडण्याचा संकल्प कोणी केला, की त्याचे स्वरूप पालटते. टिपणात आवडनिवड पुरेशी असते. परीक्षणात मात्र त्या आवडीची कारणे द्यावी लागतात आणि ती इतरांना पडताळून पाहता आली पाहिजेत.

मराठीत अशा एकहाती उद्योगाचा ठळक आदर्श म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेली ‘निबंधमाला’. या मालेतील विचार मराठीपुरता राहिला नाही. गंगाप्रसाद अग्निहोत्री यांनी चिपळूणकरांचे निबंध हिंदीत आणले, आणि हिंदी वाचकांपुढे ग्रंथसमीक्षेची चर्चा काही अंशी मराठीच्या द्वाराने आली. त्या चर्चेला नियमित व्यवहाराचे रूप देण्याच्या कामी छत्तीसगढातील एका मराठीभाषकाचा वाटा मोठा आहे.

माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे पेंड्रा येथील राजकुमाराचे शिक्षक होते. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक, तर वामन बळीराम लाखे हे प्रकाशक. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ मध्ये संपल्यानंतरही रायपूरच्या पुरानी बस्तीत व तिच्या आसपास मराठी कुटुंबांची वस्ती टिकून होती. घरात मराठी आणि बाहेर हिंदी व छत्तीसगढी, अशा वातावरणात हा उद्योग वाढला. छत्तीसगढात एकही नियतकालिक नाही, ही उणीव सप्रे यांनी पहिल्याच अंकात बोलून दाखविली होती.

या मासिकाचे वैशिष्ट्य त्यातील ग्रंथपरीक्षणांत आहे. श्रीधर पाठकांच्या काव्यांचा परामर्श सप्रे यांनी त्यात घेतला. पाठकांची ‘एकांतवासी योगी’ आणि ‘ऊजड ग्राम’ ही गोल्डस्मिथच्या काव्यांची रूपांतरे. अशा कृतीचे परीक्षण करणाऱ्याला मूळ इंग्रजी काव्य ठाऊक हवे, हिंदी पद्याची घडण कळली पाहिजे, आणि रूपांतर स्वतंत्र काव्य म्हणून उभे राहते की नाही हेही सांगता आले पाहिजे. ‘भाषा गोड आहे’ एवढ्या अभिप्रायाने हे काम भागत नाही. ज्या भाषेत ग्रंथ थोडे, तिच्यात परीक्षकाने सौम्य असावे, असे पुष्कळांना वाटते. पण वाचक थोडे असतात तेथे खोट्या स्तुतीने होणारी हानीही अधिक असते; एकदा फसलेला वाचक पुढचे पुस्तक विकत घेण्यास धजत नाही.

परीक्षणाला ग्रंथांच्या सहवासाचीही गरज असते. एकच पुस्तक समोर ठेवून तुलना करता येत नाही. या दृष्टीने पुरानी बस्तीजवळच्या ब्राह्मणपाऱ्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिलेले आनंद समाज वाचनालय अर्थपूर्ण ठरते. मासिक वाचकाला काय वाचावे ते सांगते. वाचनालय त्याला ते मत तपासण्याची सोय करून देते. वाचनालय नसेल, तर परीक्षकाचा शब्द प्रमाण मानण्यावाचून वाचकाला गत्यंतर उरत नाही, आणि ही स्थिती दोघांनाही हितकर नव्हे.

‘छत्तीसगढ मित्र’ डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले. तीन वर्षांचे हे आयुष्य अल्प खरे. तथापि सप्रे यांचे वाचन तेथे थांबले नाही. पुढे त्यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत आणले. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

आज छापखान्याच्या खर्चावाचून कोणाही वाचकाला आपले मत जगापुढे ठेवता येते. सप्रे यांच्या मार्गातील पैशाची अडचण त्यामुळे दूर झाली. परंतु मताला कारण देण्याची जबाबदारी हलकी झाली नाही. ग्रंथ पूर्ण वाचावा, त्याच्या शेजारी दुसरा ठेवून पाहावा, लेखकाचा स्नेह वा रोष मनात आणू नये आणि ठरलेल्या वेळी लिहावे, या अटी तेव्हाच्या इतक्याच आजही लागू आहेत. त्या जो पाळील, त्याचे लेखन केवळ त्याचे राहत नाही. ते वाचकसमाजाच्या उपयोगी पडते.