पोस्टर गेलं कुठे, बॉस?

हॉलमधल्या टीव्हीवर ‘सैराट’चं झकास पोस्टर, आणि बेडरूममधल्या टीव्हीवर त्याच जागी नुसता रिकामा चौकोन! घरात ‘कोडी’ वापरणाऱ्यांना हा वैताग चांगलाच ठाऊक असतो. मग घरातले ‘टेक्निकल’ महाशय सरळ अख्खी लायब्ररीच उडवतात. पोस्टर येतं हो, पण बाबांची सीरियल कितव्या भागावर होती आणि तुमची कितव्या, हा सगळा हिशेब गायब!

तेव्हा जरा थांबा. आधी आतली गंमत समजून घ्या.

कोडी म्हणजे घरच्या हार्ड डिस्कवरचे सिनेमे, गाणी, लग्नाचे व्हिडिओ टीव्हीवर छान मांडून दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. मूळचं एक्सबॉक्स या गेम कन्सोलसाठी बनलेलं. तेव्हाचं नाव एक्सबीएमसी, ‘कोडी’ हे बारसं २०१४चं. घरात दोन-तीन टीव्ही असतील, तर एका कॉम्प्युटरवर मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल बसवून सगळ्यांची यादी एकच ठेवता येते. हॉलमध्ये अर्धवट सोडलेला सिनेमा बेडरूममध्ये तिथूनच सुरू!

पण या सामायिक यादीत पोस्टर नसतंच. असतो फक्त त्याचा पत्ता. चित्र प्रत्येक बॉक्स स्वतः आणतो आणि स्वतःच्याच ‘थंबनेल्स’ फोल्डरमध्ये ठेवतो. म्हणून पहिला प्रश्न: पोस्टर एकाच टीव्हीवर गायब आहे, की सगळीकडे?

एकाच टीव्हीवर?

मग गडबड त्या बॉक्समध्येच. स्टोरेज फुल्ल आहे का? तारीख-वेळ चुकलीय का? (घड्याळ चुकलं, की सुरक्षित वेबसाइट्स दाद देत नाहीत.) शेअर केलेल्या फोल्डरचा पासवर्ड त्या बॉक्सला दिलाय का? सगळं ठीक असेल, तर कोडी बंद करून फक्त त्याच बॉक्सवरचं ‘थंबनेल्स’ फोल्डर आणि ‘टेक्स्चर्स’ नावाची डेटाबेस फाइल काढून टाका. चित्रं पुन्हा उतरतील. पाहिलेल्या भागांच्या खुणा सामायिक यादीत असतात, त्यांना धक्का लागत नाही.

सगळीकडे?

मग पत्ताच नोंदलेला नाही. फाइलचं नाव ‘सैराट फायनल न्यू’ असेल, तर कोडी बिचारं काय शोधणार? नाव आणि साल द्या: सैराट (२०१६), अर्थात इंग्रजी स्पेलिंगात. मग त्या एकाच सिनेमाची माहिती ‘रिफ्रेश’ करा. तरीही ठणठणाट? टीएमडीबी, म्हणजे जिथून ही माहिती येते ती साइट, तुमच्या कनेक्शनवर उघडतेय का ते बघा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उघडली, तर दोष कोडीचा नाही.

दोन पथ्यं मात्र पाळाच. सिनेमांचं फोल्डर जोडताना ‘डी ड्राइव्ह’ असा पत्ता नको, नेटवर्कचाच द्या. नाहीतर दुसऱ्या टीव्हीवर पोस्टरच काय, सिनेमाही लागणार नाही. आणि सगळ्या बॉक्सवर कोडीची एकच आवृत्ती ठेवा. आवृत्ती २० आणि २१ वेगवेगळे डेटाबेस वापरतात. एकच बॉक्स अपडेट केलात, तर घरात दोन याद्या तयार!

आणि हो, काहीही उडवण्याआधी डेटाबेसचा बॅकअप घ्या. पोस्टर इंटरनेटवरून पुन्हा मिळेल. बाबांचा कितवा भाग चालू होता, ते इंटरनेटला माहीत नाही!