मालमोटारीच्या रेडिएटरचा तुटलेला प्लग

जड माल घेऊन मालमोटार कसारा घाटासारखी चढण चढूं लागली म्हणजे तिचें इंजिन अतिशय तापतें. कारण श्रम फार, वेग कमी, आणि त्यामुळें रेडिएटरमधून वाहणारी हवाहि थोडी. अशा वेळीं रेडिएटरमधील पाणीच इंजिनाचें रक्षण करतें. तें पाणी रेडिएटरच्या तळाशीं ज्या लहानशा प्लगनें अडवून धरलेलें असतें, तो मात्र तुटेपर्यंत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तो तुटला असतां काय करावें व काय करूं नये, हें आम्ही येथें सांगत आहोंत.

इंजिनांतील उष्णतेचा बराच भाग पाणी आपल्याबरोबर वाहून नेतें. पंपाच्या योगानें तें रेडिएटरमध्यें येतें, तेथील बारीक नळ्यांतून जातांना हवेस उष्णता देतें, आणि निवून पुन्हां इंजिनांत जातें. हें पाणी ठराविक मुदतीनें बदलावें लागतें व त्यासाठींच हा प्लग असतो. पूर्वीच्या गाड्यांत रेडिएटर तांब्यापितळेचे असत. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत जाळी ॲल्युमिनियमची, तर टाकी व प्लग प्लास्टिकचे असतात. वर्षानुवर्षें तापून व निवून प्लास्टिक ठिसूळ होतें, रबरी कडें चिकटून बसतें, आणि जोर देतांच प्लगचें डोकें हातांत येऊन आट्यांचा भाग आंतच राहतो.

पहिला नियम असा कीं, इंजिन पुरतें निवेपर्यंत कशासहि हात लावूं नये. साधें पाणी समुद्रसपाटीस 100 अंश सेल्सिअसला उकळतें. परंतु रेडिएटरच्या झाकणामुळें त्यावर दाब राहतो, आणि वातावरणाच्या दाबाइतका जादा दाब असल्यास तें सुमारें 120 अंशांपर्यंत उकळत नाहीं. गरम असतां झाकण उघडलें तर दाब एकदम नाहींसा होऊन तें पाणी उसळतें व उघडणारा भाजून निघतो.

तुटलेला तुकडा गळत नसेल तर घाई करण्याचें कारण नाहीं. खालची रबरी नळी सोडवूनहि पाणी काढतां येतें. पाणी काढल्यावर तापविलेल्या पसरट स्क्रू-ड्रायव्हरचें टोक तुकड्याच्या मध्यभागीं हलकेंच दाबावें, म्हणजे प्लास्टिक वितळून खांच पडते. तें निवून घट्ट झाल्यावर घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें सावकाश फिरवावें. हातोडीनें ठोकल्यास टाकीस तडा जातो, अथवा तुकडे आंत पडतात. टाकीचे आटेच गेले असतील तर ती टाकी वा रेडिएटर बदलणें हाच उपाय. नवा प्लग बसवितांना रबरी कडेंहि नवें घालावें व प्लास्टिकचा प्लग केवळ हातानें आवळावा. पान्यानें फार आवळलेला प्लगच पुढें तुटतो.

रस्त्यावर प्लग गेला असतां लांकडी खुंटी ठोकून पुढें निघण्याचा मोह होतो. इंजिन तापून दाब वाढला कीं ती निसटते व पाणी वाहून जातें. त्यांत आणखी एक फसवणूक अशी कीं, पाणी संपल्यावर तापमापकाचें टोक कोरडें पडून कांटा कधीं कधीं खालींच राहतो. चालकास सर्व ठीक वाटतें, आणि तिकडे सिलिंडरचें डोकें वांकून गॅस्केट फुटतें. प्लगच्या किंमतीच्या अनेक पट खर्च येतो, मोटार कैक दिवस उभी राहते, आणि जिच्यावर घर चालतें तिचें उत्पन्न बंद पडतें. म्हणून गाडी ओढून नेण्याचा खर्च जड वाटला तरी तोच करावा.

शेवटीं काढलेल्या पाण्याविषयीं. त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल मिसळलेलें असतें. तें चवीस गोड पण विषारी असून, कुत्रीं तें चाटतात व मुलेंहि चाखूं शकतात. तें घमेल्यांत धरून झांकणाच्या डब्यांत भरावें व गॅरेजमध्यें द्यावें. गटारांत वा जमिनीवर मुळींच ओतूं नये. नवें भरतांना विहिरीचें जड पाणी वापरूं नये, कारण त्यांतील क्षार बारीक नळ्यांत सांठतात. शुद्ध केलेलें पाणी व कारखान्यानें सांगितलेलें द्रव्य योग्य प्रमाणांत घालून, इंजिन थोडा वेळ चालवून, प्लगखालीं कोरडा कागद धरून पाहावा. तो कोरडाच राहिला तर माल भरण्यास हरकत नाहीं.