खंबाटकी उतरल्यावर वाई

पुण्याहून निघालेली गाडी खंडाळा मागे टाकून खंबाटकी चढते. पुण्याकडे परतणाऱ्यांना बोगदा आहे, जाणाऱ्यांना मात्र वर्षानुवर्षं घाटाची वळणं घ्यावी लागत. पलीकडे सुरूर फाट्याला वळलं की दहा-बारा किलोमीटरवर वाई. महाबळेश्वरला निघालेली बहुतेक मंडळी ढोल्या गणपतीला हात जोडून लगेच पसरणीच्या घाटाला लागतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, महाबळेश्वर एक दिवस थांबेल. वाईला मुक्काम करा.

ढोल्या गणपतीचं दर्शन समोरून झालं की देवळाच्या मागे जा. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ बांधलं ते ऐन कृष्णेच्या काठावर, पुराच्या वाटेतच. म्हणून मागची भिंत सपाट ठेवली नाही, तिला माशासारखा निमुळता आकार दिला. पुराचं पाणी त्या टोकावर फुटतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. नदीला अडवायचं नाही, वाट काढून द्यायची, हे त्या गवंड्यांना नेमकं कळलं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्त्यांच्या घरातल्या. पेशवाईत वाईला जे वैभव आलं त्यात या घराण्याचा वाटा मोठा.

मग घाटाघाटानं चालावं. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह अशी गावाची वस्तीच नदीच्या काठानं मांडलेली आहे. थंडी सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव एकामागून एक घाटावर बसतो. १६५९ मध्ये अफजलखानाचा तळ वाईला पडला, तेव्हा शिवरायांच्या यशासाठी बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं परंपरा सांगते. जमलं तर त्याच दिवसांत या. नदी इथे घरातली थोरली बाई कशी होते ते तेव्हा दिसतं.

तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेवर घाट आणि तिथे टांगलेली भलीमोठी घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही आठवण.

मला वाईत सर्वांत मोलाची वाटते ती प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी शिकायला १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा आले होते. इथेच धर्मकोशाचं काम झालं. इथेच घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी अस्पृश्यता निवारणाला शास्त्राधार दिला आणि १९३३ मध्ये गांधीजींचे पुत्र देवदास व लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह स्वतः लावला. त्यांच्याच नेतृत्वाखाली वाईत मराठी विश्वकोश उभा राहिला. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एवढं काम मुंबई-पुण्यात न होता एका तालुक्याच्या गावी झालं, याचा अभिमान वाटायला हवा.

परतताना बोगदा पार केला की खंडाळा तालुक्यातल्या नायगावला अवश्य जा. सावित्रीबाई फुले ३ जानेवारी १८३१ रोजी इथे जन्मल्या. वाईच्या शास्त्र्यांची विद्या ज्यांच्या वाट्याला कधी आली नाही, त्या मुलींसाठी त्यांनी १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतिरावांबरोबर शाळा उघडली.